वर्षभराने या म्हणाल्या, पण तोवर काय?

पत्र: ताई, वय ३८, वडोदऱ्यात मांजलपूरला राहते, मुलगी ११ची, मुलगा ७चा. अंगावरून पांढरं जात होतं म्हणून दाखवायला गेले तर पॅप (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) केली, त्यात एलसिल (पेशींत सौम्य बदल) आलं. मग एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणाऱ्या व्हायरसची टेस्ट, त्याचा प्रकार १६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, पण 'अदर हाय रिस्क' पॉझिटिव्ह. मग दुर्बिणीतून बघून तुकडा काढला (बायॉप्सी), त्यात सीआयएन १, तीनातला सगळ्यात सौम्य बदल. डॉक्टर म्हणाल्या आता काही करायचं नाही, वर्षभराने या. मला तर झोपच नाही. हे वाढतं कशाने? सात वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतेय. आणि एक गोष्ट घरात कुणाला माहीत नाही, सासूबाईंबरोबर बजर (तंबाखूची पूड) घासायची सवय लागली ती सुटली नाही, दिवसातून दोनदा. ह्यांची सिगारेट आहे. नणंद म्हणते पिशवी काढून मोकळी हो. आणि ह्यांनी एकदाच विचारलं, "हा व्हायरस आला कुठून?", त्यानंतर आम्ही नीट बोललेलो नाही. ता.क. तुकडा काढून तीन आठवडे झालेत, नवरात्रात गरबा खेळला तर चालेल का?

उत्तर:

अगं, आधी हे सांगते की तुझ्या डॉक्टर बरोबर आहेत. फक्त "काही करायचं नाही" हे वाक्य त्यांनी अर्धंच सांगितलं किंवा तू घाबरल्यामुळे अर्धंच ऐकलंस, ओपीडीत बाहेर वीस बायका बसलेल्या असतात तेव्हा दोन्ही होतं. कापायचं नाही, जाळायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तू स्वतः करण्यासारखं बरंच आहे आणि तेच खाली लिहितेय.

मी डॉक्टर नाही हे नेहमीचे वाचक जाणतात, पण या विषयात मी अगदीच बाहेरची पण नाही. रावपुऱ्याकडच्या एका लॅबमध्ये २६ वर्षं पॅपच्या स्लाइडी बघितल्या. आधी मी बघायचे, संशय वाटेल त्या पेशीशेजारी पेनने टिपका द्यायचे, मग पॅथॉलॉजिस्ट मॅडम बघून सही करायच्या. तुझ्या रिपोर्टमध्ये जे एलसिल आहे ना, ते मी हजारो वेळा बघितलंय. पेशीतलं केंद्रक मनुकेसारखं सुरकुतलेलं, गडद, आणि त्याच्याभोवती रिकामं कडं, जणू कुणी खोडरबराने जागा पुसून काढलीय. ती पेशी एवढंच सांगते की इथे एचपीव्ही आहे आणि आत्ता कामाला लागलेला आहे. सीआयएन १ म्हणजे पण तेच, फक्त तुकड्यात बघितलेलं. त्याला कॅन्सरची पहिली पायरी म्हणायची आपल्याकडे पद्धत पडलीय, मला ती बिलकुल आवडत नाही, कारण पायरी म्हटलं की माणसाला पुढची पायरी दिसायला लागते. इथे तर बहुतेक बायका वर न चढता खाली उतरतात. सीआयएन १ असलेल्या शंभरातल्या साधारण साठ जणींचं ते आपोआप जातं, काहींचं तसंच राहतं, आणि दहाएक जणींचं पुढे सीआयएन ३ पर्यंत, म्हणजे कॅन्सरच्या आधीच्या सगळ्यात गंभीर बदलापर्यंत जातं. म्हणजे तुझा खरा प्रश्न असा आहे की त्या दहांत कोण जाते आणि का.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे व्हायरस किती काळ टिकून राहतो. एचपीव्ही होणं ही सर्दीसारखी गोष्ट आहे, शरीरसंबंध आलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, आणि दहातल्या नऊ वेळा दोनेक वर्षांत शरीर त्याला गप्प करतं. ज्या बाईत तो वर्षानुवर्षं तसाच पॉझिटिव्ह येत राहतो तिथे काळजी, कारण त्याची दोन प्रोटीनं आहेत, ई ६ आणि ई ७, ती पेशीचे ब्रेक निकामी करतात आणि ब्रेक नसलेली गाडी जितका वेळ उतारावर तितका धोका जास्त. म्हणून एका पॉझिटिव्हला फार अर्थ नसतो, वर्षाच्या अंतराने आलेल्या दुसऱ्या पॉझिटिव्हला असतो, आणि म्हणूनच तुला वर्षभराने बोलावलंय. ती तारीख मनाला येईल तशी दिलेली नाहीये.

दुसरं म्हणजे व्हायरसची जात. दोनशेच्या वर प्रकार आहेत, त्यातले डझनभर हाय रिस्क, आणि त्यातही १६ नंबर हा सगळ्यात खट. १६ आणि १८ मिळून जगातले साधारण ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर करतात. तुझे दोन्ही निगेटिव्ह आहेत. 'अदर हाय रिस्क' म्हणजे बाकीच्या बारा जणांचा एकत्र गठ्ठा, त्यातला एखादा तुझ्यात आहे, मशीन वेगळं नाव सांगत नाही. तो पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही पण १६ असता तर मी हे पत्र जरा वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

आता तुझ्या हातातलं. बजरबद्दल तू एकाच ओळीत उरकलंस पण मी सुरुवात तिथूनच करणार.

बजर म्हणजे तंबाखूच गं. आपल्या मराठी घरांत मशेरी होती, इथे गुजरातेत आल्यावर तिची बजर झाली, दात स्वच्छ होतात म्हणून घासायची आणि मग ती घासल्याशिवाय संडासला होत नाही इथपर्यंत गोष्ट जाते, माझ्या आजीचं हेच होतं, घडियाळी पोळीतल्या आमच्या ओसरीवर सकाळी ती आणि शेजारच्या काकी डबी घेऊन बसायच्या. सिगारेट ओढणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे दुप्पट असतो हे बरीच वर्षं माहीत आहे. कारण पण ठाऊक आहे, निकोटीन आणि त्याचे भाऊबंद रक्तातून फिरत फिरत गर्भाशयाच्या तोंडावरच्या चिकट पाण्यात उतरतात, तिथे सापडलेत ते, आणि तिथल्या पहारेकरी पेशी कमी करतात. म्हणजे ज्यांनी व्हायरसला हुसकून लावायचं त्यांनाच तंबाखू झोपवते. बजरवर सिगारेटइतकं संशोधन झालेलं नाही पण निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातंच, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचं कारण ती स्वतः आहेच, त्यामुळे ही सोडायची की नाही यावर विचार करायला वेळ घालवू नकोस. एकदम जमत नसेल तर निकोटीनची च्युइंगगम मिळते, सरकारी तंबाखू क्विटलाइन आहे १८००-११२-३५६, फुकट आहे, फोनवर बोलतात. आणि सासूबाईंना सांगून टाक. दोघी मिळून सोडाल तर लवकर सुटेल, लपून लपून सोडणं फार कठीण जातं. ह्यांना पण म्हणावं सिगारेट घराबाहेर, बाल्कनी म्हणजे घराबाहेर नव्हे. शेजारी बसून आत घेतलेल्या धुराचाही संबंध दिसलेला आहे.

गोळ्यांचं असं आहे. पाच वर्षांच्या वर सलग घेणाऱ्या बायकांत हा धोका जवळजवळ दुप्पट दिसतो, हे बऱ्याच देशांतल्या हजारो बायकांची माहिती एकत्र करून २००७ मध्ये मांडलं गेलं, आणि त्याच अभ्यासात हेही आलं की गोळ्या थांबवल्या की धोका हळूहळू उतरतो, दहा वर्षांत कधीच न घेतलेल्या बाईइतका होतो. तुझी सात वर्षं झालीत. पण हे वाचून आज रात्रीच पाकीट कचऱ्यात टाकू नकोस, मधेच दिवस राहिले तर ते नवंच. गोळ्यांचे फायदे पण आहेत, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका त्यांनी कमी होतो. डॉक्टरांना सरळ विचार की मला दुसरं काही चालेल का. मला विचारशील तर दोन मुलं झालीत, ३८ वय आहे, तर तांबी, इथल्या भाषेत आंकडी, हा चांगला विचार आहे. पांढरं जाण्याचं कारण आधी बघून घ्यायचं, इन्फेक्शन असेल तर ते बरं करून मगच बसवायची. आंकडीने पिशवीला कॅन्सर होतो असं मी सुद्धा लहानपणापासून ऐकत आलेय, आणि अभ्यास सांगतात ते नेमकं उलट, ती वापरणाऱ्या बायकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर कमीच दिसतो.

ते पांढरं जाणं तसंच सोडू नकोस हां. क्लॅमिडिया सारखं इन्फेक्शन सोबत असलं की तिथे सतत सूज राहते आणि व्हायरसला मुक्काम वाढवायला बरं पडतं. डॉक्टरांनी तपासलं असेल तर ठीक, नसेल तर पुढच्या वेळी मुद्दाम सांग.

प्रतिकारशक्ती हा मोठा विषय आहे पण तुझ्यासाठी बहुतेक लहान. एचआयव्ही असलेल्या बायकांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सहापट असतो, किडनी बदललेल्या, किंवा संधिवात, ल्युपस अशा आजारांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायकांनीही तपासणी जास्त वेळा करायची असते. बिघडलेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला एरवी १५ ते २० वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती कमी असली तर ५ ते १०. तू असलं काही लिहिलेलं नाहीस. असं कुठलं औषध चालू असेल आणि ते तू गायनॅकला सांगितलं नसशील कारण ते 'दुसऱ्या डॉक्टरचं' आहे, तर सांग. एचआयव्हीची टेस्ट बाळंतपणात झाली असेल, आता पुन्हा एकदा करून टाक, त्यात लाज कसली.

खूप बाळंतपणं हेही कारण आहे, पण तिथे पाच-सात मुलांची गोष्ट चाललीय, तुझी दोनच. वयाचं मात्र लपवत नाही, पंचविशीच्या आतल्या मुलींत हे जितक्या पटकन जातं तितकं अडतिशीत जात नाही, कारण आता सापडलेला व्हायरस कदाचित आधीपासून मुक्कामाला असतो.

आणि हीच गोष्ट तुझ्या मिस्टरांना वाचून दाखव. व्हायरस आला कुठून, तर कदाचित दहा-पंधरा वर्षांपूर्वी, लग्नाआधी किंवा लग्नानंतर, त्यांच्याकडून तुला किंवा तुझ्याकडून त्यांना, कुणालाच कधी कळणार नाही. हा वर्षानुवर्षं इतका कमी राहतो की टेस्टमध्ये दिसत नाही आणि मग एक दिवस दिसतो. आजच्या पॉझिटिव्हवरून काल कोण कुठे होतं हे काढता येत नाही. पुरुषांसाठी याची रोजच्या वापरातली टेस्ट पण नाही, नाहीतर मी म्हटलं असतं आधी तुम्ही करून या! लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट हातात घेऊन नवऱ्याकडे न बघता उभ्या राहिलेल्या बायका मी बघितल्यात, त्या कागदावर जे लिहिलेलंच नव्हतं ते वाचून घरं महिनोन्महिने अबोल झालेली बघितलीत. त्यांनी एकदाच विचारलं आणि गप्प झाले, म्हणजे माणूस घाबरलेला असण्याचीच शक्यता जास्त वाटते मला. तूच विषय काढ. आणि जमलं तर काही महिने कंडोम वापरा. नेदरलँड्समध्ये असे बदल असलेल्या बायकांवर अभ्यास झाला होता, कंडोम वापरणाऱ्या जोडप्यांत दोन वर्षांत जास्त बायकांच्या पेशी पूर्ववत झाल्या. गोळ्या बंद करून आंकडी बसेपर्यंत तेवढीच सोय पण होईल.

नणंदबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं पिशवी जागेवर राहू दे. इथे पिशवी, इथल्या भाषेत कोथळी, काढून टाकणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालंय, मला याचा मनापासून राग येतो. सीआयएन १ साठी गर्भाशय काढायचं नसतं. सीआयएन २ किंवा ३ झालं तरी बहुतेक वेळा फक्त तोंडावरचा खराब भाग तारेच्या लूपने काढतात, लीप म्हणतात त्याला, भूल तेवढ्या जागेपुरती, पंधरा-वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी. शंभरातल्या नव्वद जणींना तेवढं पुरतं. आणि पिशवी काढली म्हणून व्हायरस जात नाही, तो योनीत राहू शकतो, तिथल्या पेशी पण बिघडू शकतात.

वेळेवर तपासणी-उपचार न केल्याचं काय होतं ते पण सांगते, म्हणजे वर्षभराच्या तारखेचं महत्त्व कळेल. न्यूझीलंडमध्ये १९५० ते ७० च्या दशकांत एका हॉस्पिटलमध्ये सीआयएन ३ असलेल्या काही बायकांना पुरेसा उपचार न देता नुसतं बघत राहिले, त्यांना न सांगता. मोठी चौकशी झाली त्याची १९८७-८८ मध्ये. त्या बायकांच्या पुढच्या नोंदींवरून कळलं की सीआयएन ३ तसंच सोडलं तर ३० वर्षांत शंभरातल्या तीसएक जणींना कॅन्सर होतो. मला हे वाचून दोन गोष्टी एकदम वाटलेल्या, एक म्हणजे संताप, आणि दुसरं, म्हणजे सीआयएन ३ मध्ये सुद्धा सत्तर जणी राहिल्याच की. तू तर सीआयएन १ वरच आहेस. पण भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार जातात, त्यातल्या फार जणींची एकदाही तपासणी झालेली नसते. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव, खेड्यांतल्या लाखावर बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये त्याचा निकाल आला, आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केली आणि सापडलं त्याचा उपचार केला तरी या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या टेस्टने! तुझी तर झालीय, आणि पुढची तारीख पण मिळालीय.

मला आठवते ती एक बाई, नाव गाव काही सांगत नाही. तुझ्यासारखाच एलसिल, मीच टिपका दिलेला. वर्षभराने या सांगितलं होतं, मग मुलाची दहावी, मग सासऱ्यांचं आजारपण, मग बरं वाटतंय की. नऊ वर्षांनी तिची दुसरी स्लाइड माझ्या टेबलावर आली तेव्हा भिंगातून बघून मी उठून पाणी प्यायले. व्हायरस, तंबाखू, गोळ्या सगळं एकीकडे आणि हे 'बरं वाटतंय की' एकीकडे. हा आजार दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड.

तर आत्ताच फोनमध्ये तारीख घाल, बायॉप्सीच्या तारखेपासून अकरा महिन्यांवर आठवण लाव. टेस्टच्या आधी दोन दिवस संबंध नको, आतून लावायचं क्रीम-गोळी नको, आणि पाळीत जाऊ नकोस, रक्ताने स्लाइड वाया जाते आणि मग मॅडम लिहितात 'अपुरा नमुना' आणि तुला पुन्हा हेलपाटा. सगळे रिपोर्ट एका फायलीत ठेव. बायॉप्सीचा मेणाचा ठोकळा लॅबकडे असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, दुसरं मत घ्यायचं झालं तर तो मागता येतो, तुझा हक्क आहे, सीआयएन १ की २ यावर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत नसणं हे नेहमीचंच आहे. पुढच्या वर्षी एचपीव्ही निगेटिव्ह आली तर मस्त, तरी पुढची तपासणी कधी ते विचारूनच उठायचं. पॉझिटिव्ह आली तर पुन्हा दुर्बीण, एवढंच, आभाळ कोसळत नाही. मधे कधी संबंधानंतर रक्त आलं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त गेलं किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं तर मात्र वर्ष वगैरे मोजत बसायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं. खर्चाची अडचण असेल तर सयाजी हॉस्पिटल आहेच आपलं, रांग लागते पण काम होतं.

हो, ऑनलाइन 'एचपीव्ही मुळापासून बरा' म्हणून ज्या कॅप्सूल विकतात त्या घेऊ नकोस. हा व्हायरस मारणारं औषध नाहीये, तो तुझं शरीरच हटवणार. लस पण आत असलेल्या व्हायरसला काढत नाही, तुझ्यासाठी तिचा फार उपयोग नाही आता. पण मुलगी ११ची आहे ना? तिला दे. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आहे, २०२३ पासून मिळते, ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर, नऊ ते चौदा वयात दोन डोस, मध्ये सहा महिने. तुझ्या या सगळ्या प्रकरणातून घरात एक काम तरी वेळेवर होईल.

आणि आता ता.क.! तीन आठवडे झालेत, जखम तांदळाएवढी असते, ती केव्हाच भरलीय. सुरुवातीला कॉफीच्या चोथ्यासारखं जातं ते रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचं असतं, ते एव्हाना थांबलं असेल, नसेल थांबलं तर आधी डॉक्टरला फोन. थांबलं असेल तर खुशाल खेळ, उपवास झेपतो तेवढाच कर, आणि रात्री दोन वाजता मैदानातून बाहेर पडताना मैत्रिणी सेव-उसळ खायला थांबतील तेव्हा त्यातल्या किती जणींनी तिशीनंतर एकदा तरी पॅप केलीय ते विचारून बघ, आणि मला आकडा कळव.